दुःखाची आठवण

ज्या गावात कोणी उपाशी निजत नाही, जेथे कधी दुष्काळ पडत नाही, कोणी कोणाचे देणे लागत नाही आणि कोणी कोणाशी भांडत नाही, त्या गावाला वाईट का म्हणावयाचे? जालना जिल्ह्यातील एका शाळेत सातव्या इयत्तेत शिकणाऱ्या एका मुलीने आपल्या वहीत हा प्रश्न लिहिला होता. वर्गाला एका इंग्रजी कादंबरीची कथा मराठीतून सांगण्यात आली होती व प्रत्येकाने तिच्याविषयी आपला अभिप्राय लिहावा, असे ठरले होते. बहुतेक मुलांनी 'ते गाव भयंकर आहे, तेथे राहणे नको' असे लिहिले. या एकटीने मात्र त्या गावाची बाजू घेतली. तिच्या घरची मोसंबीची बाग दुष्काळात वाळून गेली होती; ती हकीकत तिने घरच्यांकडून अनेकदा ऐकली होती. बहात्तरच्या दुष्काळाचा विषय निघाला की तिची आजी उठून आत जाते, हेही तिने लिहिले होते. जे आठवले की माणसाला रडू येते, ते विसरून गेलेलेच बरे. मग ज्या गावाने दुःखाच्या साऱ्या आठवणी पुसून टाकल्या, त्या गावाचे काय चुकले, असा तिचा सवाल होता.

हा अभिप्राय मला मान्य नाही. परंतु त्या वर्गातील सर्व वह्यांत मला हाच अधिक मोलाचा वाटला. इतर मुलांनी जे लिहिले ते बरोबर होते. पण बरोबर उत्तर अपेक्षित आहे हे ओळखून ते लिहिलेले होते. या मुलीने पुस्तक आपल्या घराजवळ, आपल्या वाळलेल्या बागेजवळ नेऊन पाहिले. तेव्हा तिच्या प्रश्नाला मनापासून उत्तर देणे हे मी माझे कर्तव्य समजतो.

प्रथम ती कथा थोडक्यात सांगतो. लोइस लाउरी या अमेरिकन लेखिकेने १९९३ साली 'द गिव्हर', म्हणजे 'देणारा', या नावाची कादंबरी लिहिली. मुलांसाठी लिहिलेल्या उत्तम पुस्तकाला अमेरिकेत 'न्यूबेरी पदक' देण्यात येते. ते या कादंबरीला १९९४ मध्ये मिळाले. कथेचा नायक जोनास हा तुमच्याच वयाचा मुलगा आहे. तो ज्या वसाहतीत राहतो, तेथे सर्व काही नेमून दिलेले आहे. जेवण वेळेवर घरोघर पोचते. प्रत्येक कुटुंबाला एक मुलगा व एक मुलगी अशी दोनच अपत्ये दिली जातात. पती कोण, पत्नी कोण हे वडीलधाऱ्यांचे मंडळ ठरविते. आणि बाराव्या वर्षी प्रत्येक मुलाला त्याचा जन्माचा व्यवसायही तेच मंडळ नेमून देते. तेथे डोंगर नाहीत, बर्फ नाही, ऊन नाही, संगीत नाही. इतकेच नव्हे तर रंगसुद्धा नाहीत. सर्वत्र एकसारखेपणा आहे. त्या लोकांना याची खंतही नाही, कारण याहून वेगळे काही कधी होते, हेच त्यांना ठाऊक नाही.

मानवजातीच्या जुन्या आठवणी, सुखाच्या आणि दुःखाच्या, त्या गावात एकाच माणसाजवळ ठेवलेल्या आहेत. तो एक वृद्ध गृहस्थ आहे. त्याचा वारसदार म्हणून जोनासची निवड होते आणि तो वृद्ध एकेक आठवण त्याच्या हवाली करू लागतो. पहिली आठवण असते बर्फाच्छादित टेकडीवरून घसरगाडीने खाली येण्याची. मग उन्हाची ऊब येते, रंग येतात. आणि पुढे हाड मोडल्याची वेदना, भूक आणि युद्ध हेही येते. जोनासला कळून चुकते की, आपल्या गावाने वेदना टाळण्यासाठी फार मोठी किंमत मोजली आहे. ही किंमत कोणती, ते पुढे पाहू.

भविष्यकाळातील अशा बिघडलेल्या जगाच्या कथेला इंग्रजीत 'डिस्टोपिया' असे नाव आहे. आपण रामराज्याची कल्पना करतो, ती याच्या नेमकी उलट. मात्र या प्रकारच्या कथांची एक खुबी ध्यानात घेतली पाहिजे. त्यातील राज्य आरंभी रामराज्यासारखेच भासते. राक्षस दारात उभा असेल तर त्याला कोणीही ओळखील. पण जो सोयीचा वेष घेऊन येतो, त्याला ओळखण्यास विवेक लागतो. आपल्याच जिल्ह्यातील जांब या गावी १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी 'दासबोधा'त विवेकावर जागोजाग भर दिला आहे, तो उगीच नव्हे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. तिचे अर्धे म्हणणे मला पूर्णपणे पटते. भूक वाईटच. दुष्काळ वाईटच. 'दुःखाने माणूस मोठा होतो' असे भरल्या पोटी सांगणे सोपे असते. ज्याच्या घरात धान्य नाही, त्याला हे ऐकविणे ही क्रूरता होय. कथेतील गावाने हवामानावर ताबा मिळविला, त्याचेही कारण मूर्खपणाचे नव्हते. बर्फामुळे पिके घेणे कठीण जाई, वाहतूक अडे. म्हणून त्यांनी बर्फ नाहीसे केले. पावसाची वाट पाहून ज्याचे डोळे शिणले आहेत, असा जालना जिल्ह्यातील कोणता शेतकरी या निर्णयाला नावे ठेवील? दुःख दूर करण्याचा प्रयत्न करणे हा मनुष्याचा धर्मच आहे.

परंतु दुःख नाहीसे करणे ही एक गोष्ट आणि दुःखाची आठवण नाहीशी करणे ही दुसरी गोष्ट. त्या मुलीने या दोन गोष्टी एकच मानल्या. आणि कथेतील गावानेही नेमके हेच केले. माझे सारे म्हणणे एवढ्याच भेदाविषयी आहे.

हा भेद कादंबरीतच एका प्रसंगाने स्पष्ट झाला आहे. एकदा गावातील लोक मंडळाकडे अर्ज करतात की, काम करावयास अधिक माणसे हवीत, तेव्हा जन्मास येणाऱ्या मुलांची संख्या वाढवावी. सूचना वरवर पाहता योग्य वाटते. मंडळाला निर्णय करता येत नाही, म्हणून ते आठवणी बाळगणाऱ्या त्या वृद्धाकडे जातात. त्याच्या मनात फार जुन्या काळातील भुकेची आठवण जागी होते. लोकसंख्या भरमसाट वाढली, अन्न पुरेना, माणसे भुकेने तडफडली आणि त्यातूनच पुढे युद्ध पेटले. तो सांगतो, 'असे करू नका.' मंडळ त्याचे ऐकते. पाहा, ज्या गावाने आठवणी टाकून दिल्या, त्या गावालाही अडचणीच्या वेळी आठवणीवाचून चालले नाही! भूक पुन्हा येऊ नये यासाठी कोणीतरी भूक लक्षात ठेवणे भागच होते.

आता हेच आपल्या जिल्ह्याच्या भूमीवर पाहू. १९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. त्या वेळी जालना हा स्वतंत्र जिल्हा नव्हता; तो १ मे १९८१ रोजी झाला. शेतात पीक नव्हते व घरात धान्य नव्हते. गावोगावची माणसे रस्त्याच्या कामावर खडी फोडीत होती, पाझर तलावांची माती वाहत होती. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातील दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे राबत होती. कामावर सुकडी वाटली जाई आणि बाहेर देशाहून आलेल्या 'मिलो' नावाच्या तांबड्या ज्वारीच्या भाकरी लोक खात. तेव्हा जी मुले तुमच्या वयाची होती, त्यांनी आज साठी ओलांडली आहे. मी त्यांपैकीच एक. मिलोच्या भाकरीची चव अजूनही माझ्या जिभेवर आहे.

त्या दुष्काळाची आठवण ज्यांनी जागी ठेवली, त्यांनी तिच्यापासून काय घडविले? मागेल त्याला काम मिळाले पाहिजे, हा विचार वि. स. पागे यांनी मांडला होता. दुष्काळाच्या अनुभवाने तो महाराष्ट्रात रुजला. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ मध्ये साऱ्या देशासाठी असा कायदा करण्यात आला, त्याच्यामागेही महाराष्ट्राचा हा अनुभव होता. खडी फोडणाऱ्या हातांची आठवण सरकारने पुसून टाकली असती, तर हा कायदा कोठून आला असता?

दुसरे उदाहरण याहून जवळचे आहे. जालना तालुक्यात कडवंची नावाचे एक गाव आहे. पाऊस तेथेही बेताचाच. १९९६ ते २००२ या काळात, विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली, या गावात पाणलोट विकासाचे काम झाले. शेतांना बांध घातले गेले, उतारावर चर खणले गेले, नाले अडविले गेले. पुढे शेतकऱ्यांनी शेततळी केली. ज्या शिवारात कोरडवाहू पिकांचाही भरवसा नव्हता, तेथे द्राक्षांचे मळे उभे राहिले. या गावाने दुष्काळ विसरून दाखविला नाही. तो पुन्हा येणार, हे लक्षात ठेवूनच त्याने आपली तळी खणली.

आणि जेथे आठवण अपुरी राहिली, तेथे काय झाले? १९७२ साली धान्य नव्हते, परंतु विहिरींना पाणी होते. पुढील ४० वर्षांत आपण धान्याची सोय केली. पण पाणी मात्र जमिनीतून अधिकाधिक खोलवरून उपसत राहिलो. २०१२-१३ च्या दुष्काळात दुकानांत धान्य होते आणि विहिरी कोरड्या होत्या. ज्या मोसंबीसाठी आपला जिल्हा प्रसिद्ध आहे, तिच्या बागा त्या साली उभ्या उभ्या वाळल्या. भुकेची आठवण राहिली म्हणून धान्य होते. पण विहिरीला पाणी असण्याचे मोल आपण विसरलो होतो. त्या मुलीच्या घरची बाग वाळण्यास केवळ आकाश कारण नव्हते. आपली विस्मृतीही कारण होती.

आता कथेतील गावाने मोजलेली किंमत सांगतो. त्या गावात 'मुक्त करणे' असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. वृद्धांना समारंभपूर्वक मुक्त करतात. जुळी मुले जन्मली तर त्यांतील लहानखुऱ्याला मुक्त करतात. नियम वारंवार मोडणाऱ्यालाही मुक्त करतात. मुक्त झालेली माणसे दुसऱ्या कोठल्या तरी ठिकाणी जातात, अशी सर्वांची समजूत असते. वास्तविक त्या शब्दाचा अर्थ आहे ठार मारणे. आणखी भयंकर गोष्ट ही की, जोनासचा स्वतःचा पिता हे काम शांतपणे करतो. तो दुष्ट नाही. घरी तो मायाळू आहे, गॅब्रिएल नावाच्या एका अशक्त बालकाला वाढविण्यासाठी तो घरीदेखील आणतो. परंतु मरणाचे दुःख म्हणजे काय, हे त्या गावात कोणालाच कधी कळलेले नाही. ज्याला ते दुःख ठाऊक नाही, त्याला आपण कोणाचा जीव घेत आहो हेही उमजत नाही. दुःखाची आठवण पुसली की तिच्याबरोबर दयाही पुसली जाते. हीच ती किंमत होय. पुढे त्या गॅब्रिएललाही मुक्त करण्याचे ठरते, तेव्हा जोनास त्याला घेऊन रातोरात गाव सोडतो; कारण आता त्या शब्दाचा अर्थ त्याला कळलेला असतो.

मराठवाड्यातील मुलांना 'मुक्ती' हा शब्द परका नाही. देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला. परंतु आपला हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता आणि त्याला स्वातंत्र्य लाभण्यास १७ सप्टेंबर १९४८ चा दिवस उजाडावा लागला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली अनेकांनी तुरुंगवास सोसला. जालन्याच्या जनार्दनमामा नागापूरकरांसारख्यांनी प्राण वेचले. म्हणून आपल्याकडे 'मुक्तिसंग्राम' हा शब्द उच्चारला की त्यामागे माणसे उभी राहतात, त्यांचे कष्ट उभे राहतात. तोच शब्द, आठवण काढून घेतली की कसा पोकळ होतो आणि त्या पोकळीत काय भरता येते, हे ही कादंबरी दाखविते. यास्तव एखादा गोड शब्द वारंवार कानी पडू लागला, तर त्याच्या आड प्रत्यक्षात काय चालले आहे, असे विचारण्याची सवय विद्यार्थ्याने लावून घेतली पाहिजे. अशा कादंबरीचा हा एक मोठा उपयोग आहे.

कोणी म्हणेल, समाजाने आठवण ठेवावी हे खरे. पण त्या आजीने काय करावे? तिला अजूनही त्रास होतो, तिने तो का सोसावा? हा आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तरही जपून दिले पाहिजे. ज्याने दुःख भोगले, त्याला गप्प राहण्याचा पूर्ण अधिकार आहे. आजीला बळेबळे बोलावयास लावणे हा अभ्यास नव्हे. या कादंबरीची कल्पना लेखिकेला सुचली, तीही अशाच एका घरगुती दुःखातून. तिच्या वृद्ध पित्याची स्मृती लोपत चालली होती. आपली थोरली मुलगी तरुणपणीच वारली, हेही त्यांना आठवत नसे. तिचे चित्र समोर असताना तिचे काय झाले, असे ते विचारीत. दुःख विसरल्याने मनुष्य सुखी होतो का, हा प्रश्न लेखिकेच्या मनात तेथून घोळू लागला. वडिलांचे दुःख गेले होते खरे. पण त्याबरोबर ती मुलगीही गेली होती.

त्या कथेतील वृद्धाचे खरे दुःख आठवणी असणे हे नव्हते; त्या एकट्याने बाळगाव्या लागणे, हे होते. साऱ्या गावाचे ओझे एकाच्या पाठीवर ठेवले, तर ती पाठ मोडणारच. तेच ओझे गावाने वाटून घेतले, तर ते प्रत्येकाला पेलते. आजी उठून आत जाते, याचे एक कारण असेही असू शकेल की, तिचे ऐकून घेणारा आजवर कोणी भेटला नाही. ती आपण होऊन बोलू लागली, तर तिच्याजवळ बसून ऐकावे. न बोलली, तर तिच्या शांततेचा मान राखावा आणि गावातील दुसऱ्या कोणा वडीलधाऱ्यांना विचारावे. ज्यांना सांगावेसे वाटते, अशी माणसेही गावोगाव आहेत. परंतु ती दरवर्षी कमी होत आहेत.

यावरून पुस्तकाविषयीचा अभिप्राय कसा असावा, हेही ध्यानात येईल. 'पुस्तक मला आवडले' किंवा 'आवडले नाही' एवढ्याने अभिप्राय पुरा होत नाही. भविष्यकाळाची भीषण चित्रे रंगविणारी कादंबरी हे काही भविष्यकथन नव्हे. ती वाचून घाबरून बसावयाचे नसते. आपल्या दाराशी यातील काय आले आहे, आपण काय हरवून बसलो आहो आणि जे हरवले त्याबद्दल आपल्याला काय मिळाले, हे प्रश्न तिने आपल्याला विचारले पाहिजेत, आणि आपणही तिला उलट प्रश्न विचारले पाहिजेत. त्या मुलीने तसा प्रश्न विचारला. तिच्याशी माझा मतभेद आहे. पण आपण कोणत्या जगात राहावे याचा विचार ती स्वतः करीत आहे. जोनासच्या गावात नेमकी हीच एक गोष्ट कोणाला करता येत नव्हती.

तिला माझे उत्तर असे आहे. बाई, तुला भुकेवाचूनचे गाव हवे, तसे ते मलाही हवे. ते आपण अवश्य घडवू. पण ते घडवावयाचे तर भूक कशी होती, हे ठाऊक असलेली माणसे त्यात पाहिजेत. तुझ्या गावाच्या आसपास बहात्तरच्या दुष्काळात बांधलेला एखादा पाझर तलाव असेल. गाळाने तो भरत आला असेल. त्याच्या बांधावर बाभळी उगवल्या असतील. तो बांध कोणी घातला, त्या वेळी त्यांनी काय खाल्ले आणि आज त्यात किती पाणी ठरते, एवढे विचारून ये आणि तुझ्या त्याच वहीत, त्या प्रश्नाच्या खाली, लिहून ठेव.